रिंगवाला लिथियम नायोबेट मॉड्युलेटर : सात महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरातील आमच्या प्रयोगशाळेत लिथियम नायोबेट स्फटिकाच्या चिपवरचा हा मॉड्युलेटर, म्हणजे विद्युत संकेत लेसरच्या प्रकाशावर चढवणारे उपकरण, सात महिने चालू आहे. गच्चीवरील अँटेनाचा संकेत फायबरवरून आत आणताना विकृती कमीत कमी राहावी, एवढ्यासाठीच तो घेतला. साध्या माख-झेंडर मॉड्युलेटरमध्ये प्रकाश दोन भुजांत विभागून पुन्हा एकत्र येतो. त्यात क्वाड्रेचरला, म्हणजे प्रकाश निम्म्यावर ठेवलेल्या बिंदूला, दुसऱ्या क्रमाची (इनपुटच्या वर्गातून येणारी) विकृती नाहीशी होते, तिसऱ्या क्रमाची (घनातून येणारी) मात्र उरते. येथे दोन्ही भुजांना जोडलेल्या रिंगा, म्हणजे प्रकाश फिरवणारे वर्तुळाकार मार्ग, ती तिसऱ्या क्रमाची विकृती दाबतात.

सुरुवातीला 1 गिगाहर्ट्झजवळ दोन टोन देऊन पाहिले, तेव्हा इनपुट 1 डेसिबलने वाढवल्यावर इंटरमॉड्युलेशन (दोन टोन मिसळून त्यांच्या शेजारी उमटणारे नकोसे टोन) 3 ऐवजी 5 डेसिबलने वाढत होते. म्हणजे उतार 5 होता आणि तिसरा क्रम दबल्याचा दावा खरा होता. मात्र डायनॅमिक रेंजचे (गोंगाटाच्या वर, पण विकृती न दिसता मिळणाऱ्या संकेताच्या पल्ल्याचे) आकडे पाहताना घाई करू नये. साध्या मॉड्युलेटरचा आकडा 1 हर्ट्झ बँडविड्थसाठी, हर्ट्झच्या 2/3 घातात आणि याचा 4/5 घातात दिलेला असतो. त्यामुळे 1 मेगाहर्ट्झ बँडविड्थला (1 हर्ट्झच्या 60 डेसिबल वर) पहिल्यातून 40 डेसिबल वजा होतात, तर दुसऱ्यातून 48. माहितीपत्रकात हा फरक स्पष्ट केलेला नाही, याचा मला अजूनही राग आहे.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली, एसी बंद पडला आणि त्यानंतर मोजमापे बिघडली ती बिघडलीच. बायस, म्हणजे मॉड्युलेटरला क्वाड्रेचरवर धरून ठेवणारा व्होल्टेज, सरकणे ही लिथियम नायोबेटची जुनी खोड असल्याने मी तिलाच दोष दिला. विक्रेत्याने आधी आमच्या लेसरवर बोट ठेवले आणि नंतर उपकरण आमच्या खर्चाने परदेशी पाठवण्यास सांगितले. सरकारी अनुदानातून हा खर्च करणे मला पटले नाही आणि त्या आठवड्यात मी या उपकरणाची शिफारस कोणालाही केली नसती.

ते मत मी बदलले आहे. बायस सरकला असता, तर आधी दुसरी हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेचा टोन, दुसऱ्या क्रमाच्या विकृतीची खूण) वर आली असती. ती होती तिथेच होती. वाढले होते ते टोनांच्या शेजारचे इंटरमॉड्युलेशन, आणि त्याचा उतार पुन्हा 3 वर आला होता. याचा अर्थ बायस जागेवर होता आणि तापमानामुळे रिंगांचा अनुनाद (रिंग ज्या तरंगलांबीला प्रतिसाद देते ती जागा) लेसरच्या तरंगलांबीपासून सरकला होता. चिपमध्ये दोष नाही; दोष पॅकेजिंगमध्ये आहे, कारण थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) चिपपासून लांब बसवला आहे आणि खालच्या पट्टीतून उष्णता नीट वाहून जात नाही.

उद्यमनगरातील एका वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमची जाड पट्टी मिलिंग करून घेतली. परदेशी पाठवणीच्या खर्चापुढे तिची मजुरी नगण्य होती. ती बसवून रिंगांच्या हीटरचा व्होल्टेज नव्याने जुळवल्यावर 5 चा उतार परत आला आणि भर पावसाळ्यातही तो टिकून राहिला. हीटरचा कॅलिब्रेशन आलेख मात्र तीन पत्रे लिहिल्यानंतर मिळाला. खरे तर तो उपकरणासोबतच यायला हवा होता, कारण त्याच्याशिवाय वापरणाऱ्याला रिंग जुळवताच येत नाही.