५५ लिटरची सॅक, काही महिन्यांनंतर: पाठ उत्तम, कंबरपट्ट्याचं मात्र काही खरं नाही

लिटर किती, डेनियर (कापडाच्या धाग्याचं माप) किती, खिसे किती हे विकणाऱ्याने लिहिलेलंच असतं, ते इथे परत नको. ही सॅक घेतली ती एकाच कारणासाठी: पाठीची लांबी वेल्क्रोने कमी-जास्त होते. एकदा मामाने न्यावी, एकदा भाचीने. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तूच्या दोन-दोन प्रती कशाला? कागदावर हिशोब बिनचूक आहे. पाठीवर तो कुठे बिघडतो, त्यासाठी हा प्रपंच.

आधी कंबरपट्टा. सॅक १५ किलोच्या आसपास भरली, पट्टा आवळला आणि चालायला लागलं की पट्टी बक्कलमधून हळूहळू सरकते. झटक्यात सुटत नाही, म्हणून कळतही नाही. कळतं ते खांदे भरून आल्यावर. पहिल्यांदाच सॅक घेऊन निघालेला माणूस मग खांद्याचे पट्टे आवळतो आणि उरलंसुरलं वजनही खांद्यांवर ओढून घेतो. करायचं असतं नेमकं उलट: खांदे सैल सोडून कंबर पुन्हा आवळायची, कारण वजनाचा मोठा वाटा कमरेच्या हाडांनीच उचलायचा असतो.

तपासणं सोपं आहे. पट्टा आवळा, बक्कलच्या कडेशी पट्टीवर पेनाने रेघ मारा, तासभर चाला आणि रेघ कुठे गेली ते बघा. या सॅकवर कोरड्या हवेत ती बोटभर सरकते, भिजल्यावर त्याहून जास्त. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झाल्यावर अधिक ताणलं जातं. पॉलिस्टरचं तेवढं होत नाही.

या बक्कलला काही दात नाहीत. पट्टी दांडीभोवती वळसा घेते, ओढ बसली की एक पदर दुसऱ्याला दांडीवर दाबून धरतो, एवढंच. पट्टी पातळ किंवा फार गुळगुळीत असली, नाहीतर दांडीची कड झिजून गोल झाली, की पकड गेली. इथे पट्टी पातळ आहे. खाचेत तिच्या वर चक्क फट दिसते. इतक्या महाग सॅकवर हातभर पट्टीत काय वाचवलं, देव जाणे.

सर्व्हिसचं उत्तर ठरलेलं: वापराने होणारी झीज वॉरंटीत येत नाही. अहो, पण शिवणीजवळचा जो तुकडा कधी बक्कलमधून गेलाच नाही, तोही तितकाच पातळ आहे! तक्रार करायची तर हाच मुद्दा धरा. त्या तुकड्याचा आणि बक्कलमधल्या फटीचा जवळून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

तात्पुरता उपाय म्हणजे ट्राय-ग्लाइड, तीन दांड्यांची प्लॅस्टिकची कडी. ती पट्ट्याच्या बाजूच्या पदरावर चढवायची आणि बक्कलमधून आलेलं मोकळं टोक तिच्यातून परत ओवायचं. घसरणं थांबतं, पण दर वेळी आवळताना कडीही सरकवावी लागते, वैताग आहे. खरा उपाय पट्टी बदलणं. जुने टाके उसवा, त्याच रुंदीची पण जाड पॉलिस्टरची पट्टी घ्या. रुंदी मोजूनच घ्या, ३८ आणि ४० मिमीतला फरक नजरेला कळत नाही. कापलेलं टोक ज्योतीवर फिरवून वितळवा आणि गार होईपर्यंत बोट लावू नका. शिवण चौकोन आणि आत फुली अशी, पॉलिस्टरच्या जाड दोऱ्याने. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. मोकळं टोक दोनदा दुमडून शिवलं की ते बक्कलमधून निसटत नाही.

इथवर लिहून थांबलं असतं तर एकच तारा मिळाला असता. पण पट्टी बदलल्यावर मामाच्या पाठीवर सॅक जागची हलली नाही आणि भाचीच्या पाठीवर मात्र खाली बसतच राहिली. म्हणजे सगळा दोष बक्कलच्या माथी मारता येत नाही. मामाच्या मापावर लावलेली पाठ आखूड धडाच्या माणसाने तशीच चढवली की खांद्याचे पट्टे टेकेपर्यंत कंबरपट्टा हाडाखाली उतरतो. तिथे त्याला धरायला काहीच नसतं; कितीही आवळा, तो सैल होणारच.

माप एकट्याने घेता येत नाही, दुसरं माणूस लागतं. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका ठळक वर येतो, तिथून टेप सुरू करा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवा. अंगठ्यांच्या रेषेला टेप संपते. मग सॅकची पाठ या मापावर लावा. वेल्क्रो हिसकून सोडवू नका, मध्ये फाइलचं गुळगुळीत प्लॅस्टिक सरकवा. माती आणि कुसळं जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पकड जाते. दोघांची मापं सॅकच्या पाठीवर दोन रंगांच्या दोऱ्यांनी टाके घालून नोंदवा.

चढवायचा क्रम: सगळे पट्टे सैल, आधी कंबरपट्टा हाडाच्या वरच्या कडेवर मध्यभागी ठेवून घट्ट, मग खांदे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या बारीक पट्ट्या (साधारण ४५ अंशांत), शेवटी छातीची पट्टी. ती श्वास अडेल इतकी आवळू नये.

मापाइतकीच चूक वाटणीत होते. नात्यातली माणसं ‘निम्मं-निम्मं’ करतात, ते न्याय्य वाटतं पण चुकीचं आहे. शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत ओझं, हा ढोबळ नियम: ७५ किलोच्या माणसाला १५, ५० किलोच्या माणसाला १०. तंबू वाटा, बाहेरचं कापड आणि काठ्या एकाकडे, आतला भाग आणि खुंट्या दुसऱ्याकडे. पाणी, टॉर्च, गरम कपडा, पावसाचं जाकीट आणि दिवसभराचं खाणं मात्र ज्याचं त्याच्याकडेच. माणसं मागे-पुढे होतात.

बाकी चेन ठीक. रेनकव्हर जेमतेम, पाठीच्या बाजूने पाणी आत येतंच, तेव्हा आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. आतलं पीयू कोटिंग (पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर) ओलसर कोंदट जागेत चिकट होऊन सुटतं. सॅक मशीनमध्येही टाकू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं.

पाठीच्या सोयीला पैकीच्या पैकी, कंबरपट्ट्याला शून्य. सॅक ठेवणार. गाडीच्या दारात चिरडून बक्कल फुटतं, तेव्हा सुटं बक्कल जवळ ठेवा, तेही शिवण न उसवता बसणारं, दांडीला काप असलेलं. आणि दोन्ही अर्धे घ्या. एका बनावटीचं टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसेलच असं नाही.