माल्टातील प्राचीन मंदिरे : जगांतिया आणि हाजर ईम

गोझो बेटावरील जगांतिया आणि माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावरील हाजर ईम ही दोन्ही मंदिरस्थळे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत. मात्र त्यांची आजची अवस्था बऱ्याच अंशी दगडाच्या जातीने ठरवली आहे. इ. स. पूर्व ३६०० च्या सुमारास उभारलेल्या जगांतियाच्या बाहेरील भिंतींना कठीण प्रवाळी चुनखडक वापरला गेला, त्यामुळे त्या काही ठिकाणी अजूनही सुमारे ६ मीटर उंच उभ्या आहेत. हे काम एका राक्षसिणीचे, अशी तेथील लोककथा आहे, आणि त्या भिंतींशी उभे राहिल्यावर ती सहज पटते. हाजर ईम मऊ, मधाच्या रंगाच्या ग्लोबिजेरिना चुनखडकाचे आहे. हा दगड घडवायला सोपा असल्याने दर्शनी भागातील सांधे विलक्षण सफाईदार आहेत. परंतु खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटून तो झिजतो, म्हणून २००९ मध्ये त्यावर छत उभारावे लागले. छतामुळे मोकळे आकाश हरवते, तरीही हा निर्णय योग्यच होता.

एकच स्थळ पाहणे शक्य असेल, तर मी हाजर ईम सुचवेन, कारण तेथून सुमारे ५०० मीटर अंतरावर, उताराच्या खाली, इम्नायद्रा हे आणखी एक मंदिरस्थळ आहे, जेथील खालच्या मंदिरात विषुवदिनी सूर्यकिरण मुख्य दारातून थेट आत शिरतात. भव्यतेची ओढ असणाऱ्याने मात्र फेरीबोटीने गोझो गाठावे.