२० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह: ११ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी हा ओव्हन घरी आला. २० लिटरचा, ‘सोलो’ म्हणतात तो. ग्रिल नाही, कन्व्हेक्शन नाही, नुसता मायक्रोवेव्ह. खोक्यावर ७०० वॅट लिहिलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे जे लिहिलंय ते या मापाच्या कुठल्याही ओव्हनला लागू पडेल आणि नाव दिलं की सगळे नावावरच बोलत बसतात.

आम्ही नाशिकला राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दुसरीतली लेक. आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत, त्यामुळे दुपारचं जेवण सासूबाई एकट्याच गरम करून घेतात. त्यांचे हात हल्ली थरथरतात. त्यांनी गॅसजवळ जायला नको, एवढ्याच एका कारणासाठी हा ओव्हन घेतला.

पहिल्याच आठवड्यात भरल्या वांग्यांनी धडा दिला. फ्रिजमधली वांगी काचेच्या भांड्यात घालून दोन मिनिटं ठेवली. कडेचा रस्सा खदखदत होता, वाफ निघत होती, म्हणून तसंच ताटात वाढलं. आईंनी वांगं मोडलं तर आतला कूट फ्रिजमधून आत्ताच काढल्यासारखा गार. “वरून चटका नि आत बर्फ, हे कसलं गं गरम करणं?” म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, कारण नुसत्या चवीचा प्रश्न नव्हता. आदल्या रात्रीची भाजी, म्हाताऱ्या माणसाचं पोट, आणि आत ती नीट तापलेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी टोचून बघायचा थर्मामीटर मागवला. स्वयंपाकात वापरतात तो, लांब सुईचा. तशीच वांगी तशीच दोन मिनिटं ठेवून मोजली. रस्सा ८८ अंश, वांग्याच्या पोटात २७. एकाच भांड्यात, चार बोटांच्या अंतरावर ६१ अंशांचा फरक! त्या दिवसापासून हा ओव्हन मी नव्याने वापरायला शिकले.

मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटर शिरतात आणि तेवढ्यात त्यांचा जोर ओसरतो. त्याच्या आतला भाग तापतो तो बाहेरची ऊब हळूहळू आत पोचते म्हणून. पाणी आणि मीठ या लहरी चटकन शोषून घेतात, म्हणजे माझ्या भाजीतला खारट रस्साच सगळी उष्णता आधी पिऊन बसत होता आणि वांग्याच्या पोटापर्यंत फारसं काही जात नव्हतं.

दुसरं कारण ओव्हनच्या पेटीतच आहे. आतल्या मॅग्नेट्रॉनमधून २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी निघतात. त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. धातूच्या भिंतींवर आपटून त्या परत फिरतात आणि एकमेकींत मिसळतात. काही जागी जोर दुप्पट होतो, काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. हे वाचून कळलं होतं, पण पटलं ते पापडांमुळे. फिरणारी ताटली आणि तिच्याखालचं कडं काढून ठेवलं. दोन काचेच्या वाट्या उपड्या घालून त्यांवर सपाट काचेचं ताट ठेवलं, म्हणजे ते फिरणार नाही. त्यावर उडदाचे चार पापड पसरले आणि पाऊण मिनिट ओव्हन लावला. बाहेर काढले तर एकाच पापडावर रुपयाएवढे पांढरे फुललेले ठिपके आणि मध्ये पिवळसर, कच्ची, लवचिक पट्टी. ठिपक्यांमधलं अंतर साधारण चार बोटं. एका ठिपक्यात तर जळका डागही पडला होता. कुठे लहर लागते नि कुठे नाही, त्याचा नकाशाच. घरी करून बघा, पण वेळ मोजून आणि समोर उभं राहून, कारण पापड पेटूही शकतो.

ताटली फिरते ती याचसाठी. पण ताटलीचा मध्य फिरला तरी जागा सोडत नाही. तिथे गार पट्टी आली तर तिथलं अन्न शेवटपर्यंत गारच. म्हणून मी एकच वाटी असेल तर ती ताटलीच्या कडेकडे सरकवून ठेवते. बटाटे, रताळी, इडल्या गोल मांडते आणि मधली जागा मोकळी सोडते. भाताला तर आपण जेवताना करतो तसंच आळं करायचं: भात कडेला सारून मध्ये खळगा ठेवायचा, पाण्याचा हबका मारायचा आणि झाकायचं. आधी भाताचा डोंगर असायचा, शिखर वाळून कडक व्हायचं आणि पोटात गोळा गार राहायचा. आळं केल्यापासून तो त्रास संपला.

वांग्यांचंही सांगते. आता मी ती गरम करायच्या आधीच दोन भाग करून पसरट भांड्यात एका थरात मांडते, जाड बाजू बाहेरच्या अंगाला. फुल पॉवरवर एक मिनिट, मग उलटी करून रस्सा हलवायचा, मग ५० टक्के पॉवरवर दोन मिनिटं. शेवटी झाकण न काढता दोन मिनिटं तशीच ठेवायची. ही शेवटची दोन मिनिटं फार महत्त्वाची आहेत. ओव्हन बंद झाल्यावर कडेची ऊब मधोमध सरकते आणि सुई टोचून बघितलं तर आतला आकडा चढताना दिसतो. एकदा वांग्याच्या पोटात ६८ होतं, दोन मिनिटांनी ७६. पोळी वाढेपर्यंत ते होतंच, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

५० टक्के पॉवर म्हणजे अर्ध्या जोराने तापवणं, असं मला वाटायचं. माझ्या ओव्हनमध्ये तसं नाही. तो पूर्ण जोराने चालतो, थांबतो, परत चालतो. कान देऊन ऐकलं तर घुमणारा आवाज बदललेला कळतो. थांबलेल्या वेळात ऊब आत पसरते, म्हणून घट्ट पदार्थाला मध्यम पॉवर आणि जास्त वेळ हे जमतं. इन्व्हर्टरवाल्या महाग ओव्हनमध्ये जोर खरोखर कमी होतो. परवडत असेल तर तो घ्या, विशेषतः दूध आणि खीर वारंवार करत असाल तर.

आता सुरक्षिततेचं, कारण मला खरं कळकळीने लिहायचंय ते हेच. जागतिक आरोग्य संघटना अन्न ७० अंशांपर्यंत नीट तापवा म्हणते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा उरलेल्या अन्नासाठीचा आकडा ७४ सेल्सिअस आहे. मी घरात ७५ धरते आणि सुई तीन ठिकाणी टोचते: कडेला, मध्ये आणि सगळ्यात जाड तुकड्याच्या पोटात. रविवारच्या चिकनच्या रश्श्यात मांडीचा तुकडा सगळ्यात मागे राहतो, हाडाजवळचा भाग तर नक्कीच.

भाताबद्दल मात्र ओव्हनच्या भरवशावर राहू नका. शिजलेला भात ओट्यावर तासन् तास राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढून विष तयार करू शकतो, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. भात कितीही वाफाळता दिसला तरी उपयोग नाही. त्यामुळे दुपारचा उरलेला भात आम्ही दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये टाकतो. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात तर त्याहून लवकर. राजमाही कच्चा किंवा नुसता भिजवलेला यात शिजवायला घेऊ नका. अर्धवट शिजलेल्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं, तो नीट खळखळून उकळावाच लागतो. कुकर आहे ना घरात.

गोठलेला खिमा डीफ्रॉस्टवर ठेवणं मी सोडून दिलं. बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, पाणी भराभर शोषतं. त्यामुळे जिथे पहिला थेंब वितळतो तिथेच सगळा जोर लागतो. माझा खिमा कडेने राखाडी होऊन शिजला होता आणि मध्ये दगड. आता तो आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवते. कधी घाई असेलच तर ओव्हनमधून काढल्या काढल्या लगेच गॅसवर शिजवायला घेते, कारण अर्धा कोमट झालेला खिमा ठेवून देण्यात धोका आहे.

एक अपघातही झाला, तो सांगायलाच हवा. नवऱ्याने गुळगुळीत काचेच्या कपात पाणी तीन मिनिटं तापवलं. पाणी अगदी शांत, एक बुडबुडा नाही. कॉफीची पूड टाकली आणि सगळं एकदम उसळून हातावर आलं. मनगटाला फोड आले. पाणी उकळीच्या वर तापूनही तसंच स्थिर राहू शकतं आणि जरा धक्का लागला की उफाळतं. तेव्हापासून कपात लाकडी काडी घालूनच पाणी ठेवतो आणि बाहेर काढायच्या आधी अर्धं मिनिट थांबतो. अंडं सालासकट नाही, आणि उकडलेलं अख्खं अंडंही परत गरम करायचं नाही, फुटतं. बटाट्याला, रताळ्याला काट्याने चार-पाच ठिकाणी टोचायचं. तान्ह्या बाळाचं दूध बाटलीत घालून यात तापवू नका. बाटली हाताला कोमट लागते आणि आतला एखादा घोट जीभ भाजेल इतका कढत असतो.

आपल्या घरांत भांडी सगळी स्टीलची, आणि खरी अडचण तिथेच येते. वाटी स्टीलची, डबा स्टीलचा, झाकणही स्टीलचं. आम्ही बोरोसिलिकेट काचेची तीन झाकणवाली भांडी घेतली आणि रात्री उरलेलं थेट त्यांतच काढतो, म्हणजे आईंना दुपारी ओतायचं कामच उरत नाही. सोनेरी किनारीच्या कपबशा, मेलामाईनच्या ताटल्या आणि हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे यात घालत नाही. भांडं चालेल की नाही हे बघायची सोपी रीत: धातू नसलेलं रिकामं भांडं आणि शेजारी पाण्याने भरलेला काचेचा कप एक मिनिट ठेवायचा. पाणी गरम आणि भांडं गार असेल तर चालेल. भांडंच तापलं तर नको.

लहरी बाहेर येतील म्हणून आई सुरुवातीला स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभ्या राहायच्या. दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटरभर आणि लहर १२ सेंटिमीटरची, त्यामुळे ती त्यातून जाऊ शकत नाही, हे समजावल्यावर भीती गेली. दार मात्र नीट बसलं पाहिजे. कडेला तुपाचा थर किंवा भाताचं शीत चिकटलेलं राहू देऊ नका.

मे महिन्यात एक नवीनच कोडं पडलं. तेच वरण, तीच दीड मिनिटं, पण संध्याकाळी कोमटच. ओव्हन बिघडला असं वाटून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने न तपासताच मॅग्नेट्रॉन बदलायला सांगितला, खर्चही मोठा सांगितला. मी आधी स्वतः मोजून बघितलं. लिटरभर पाणी, फुल पॉवर, बरोबर दोन मिनिटं. जितके अंश वाढतील त्याला ३५ ने गुणलं की ओव्हन खरोखर किती वॅट देतो ते कळतं. सकाळी १९ अंश वाढले, म्हणजे ६६५ वॅट. खोक्यावरच्या ७०० च्या जवळ. संध्याकाळी सात वाजता, सुरुवातीचं तापमान तेच राहावं म्हणून फ्रिजचं पाणी मिसळून, फक्त १५ अंश: ५२५ वॅट. आमच्या इमारतीत त्या वेळी सगळ्यांचे एसी चालू असतात आणि व्होल्टेज पडतं. ओव्हन ठणठणीत होता. मागच्या पट्टीवर १२०० वॅट लिहिलेलं असतं ते तो खेचतो ती वीज, अन्नाला मिळते ती नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. एवढी वीज खेचतो म्हणून त्याला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट वेगळा द्या. एक्स्टेंशन बोर्ड नको.

बाकी काय जमतं? ढोकळा सुरेख होतो. उपवासाची रताळी, पालक, मक्याची कणसं छान. साबुदाण्याची खिचडी गरम करताना झाकण ठेवलं नाही तर दाणा चिवट होतो. शेंगदाणे भाजता येतात, पण फसवतात. ओव्हनमधली हवा गारच असते, त्यामुळे दाणा वरून पांढरा दिसतो आणि मोडून बघावा तर आत तपकिरी. म्हणून वाटीभर दाणे घेऊन दर मिनिटाला हलवायचे, एक दाणा मोडून बघायचा आणि जरा कच्चे वाटतात तेव्हाच काढायचे, बाहेर आल्यावरही ते भाजत राहतात. वांग्याच्या भरताला धुराचा वास येत नाही. भाकरी, पोळी अजिबात नको. पाच मिनिटांत चामडं.

चौघांना २० लिटर पुरतो, पण आडवं मोठं भांडं फिरताना भिंतीला अडतं आणि ताटली थांबली की पुन्हा तीच पापडाची गत. घेताना आपलं नेहमीचं भांडं सोबत घेऊन जा आणि दुकानातच फिरवून बघा.

ओव्हनच्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवलाय. वरण: दीड मिनिट, ढवळा, अर्धं मिनिट, झाकून दोन मिनिटं. भात: आळं, पाणी, झाकण, दोन मिनिटं. भाजी: एक मिनिट, उलटा, दोन मिनिटं अर्ध्यावर, झाकून दोन. आईंना डोळ्यांना चष्मा लावून वाचता येईल एवढं मोठं. जूनपासून त्याच्या शेजारी संध्याकाळच्या वेळा वेगळ्या रकान्यात आहेत, प्रत्येकी २० ते ३० सेकंद जास्त. तुमचे आकडे वेगळे निघतील, म्हणून आधी लिटरभर पाणी मोजा आणि मग कागद लिहायला घ्या.