पुडीवर ‘संशोधन’ लिहिलं होतं म्हणून

माझ्या धाकट्या भावाला गेल्या वर्षी श्रावणात टीबी निघाला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. खोकला हटत नव्हता, संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरलं होतं. गावातल्या आशाताईंनी बेडका तपासायला नेला आणि आठवड्याच्या आत गोळ्या सुरू झाल्या. फुकट. महिन्याभरात खोकला निम्म्यावर आला, तो रोज शेतात चक्कर मारू लागला. हे आधी सांगतो, कारण आम्ही फसलो ते औषध लागू पडत असतानाच.

आठवडी बाजारात एक जीप उभी होती. वर भोंगा, बाजूला ‘वनौषधी संशोधन केंद्र’ असा फलक, त्यावर पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकात पाहणाऱ्या माणसाचा फोटो. भाऊ सहज थांबला. जीपमधल्या माणसानं त्याला पहिला प्रश्न विचारला, “लघवी लाल होते का?”

होत होती. पहिल्या गोळीपासून नारिंगी-लाल होत होती, आणि भाऊ ते मनात धरून बसला होता.

“त्या गोळ्यायनं तुमचं मूत्रपिंड वितळून राह्यलं, भाऊ. अजून दोन महिने खाल्ल्या तर डायलिसिसवर जासान.”

टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिनचा रंगच तसा असतो. तो लघवीत उतरतो, घामात आणि डोळ्यांच्या पाण्यातही उतरतो, आणि त्यानं मूत्रपिंडाला काही होत नाही. गोळ्या देताना हे सांगितलंही होतं, पण तेव्हा भाऊ घाबरलेला होता, त्याच्या कानात काही शिरलं नाही. त्या माणसाला मात्र पक्कं ठाऊक होतं. टीबीची गोळी खाणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारला तर उत्तर ‘हो’च येणार!

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. त्यानं मला प्लास्टिकमध्ये मढवलेला इंग्रजी कागद दाखवला. गोल काचेच्या ताटल्यांचे फोटो, औषधाच्या थेंबाभोवती जंतू मेल्याची मोकळी वर्तुळं. मी बीए झालेला माणूस. घरात तो कागद मी वाचून दाखवला आणि म्हणालो, हे तर संशोधन दिसते. औषधाच्या पुडीचे महिन्याचे ३,२०० रुपये. पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे त्यात गेले. सरकारी गोळ्या बंद करायची अट होती. पुडीसोबत एक धूपही दिला, घरातले जंतू मरावेत म्हणून रोज संध्याकाळी दारं-खिडक्या लावून जाळायचा.

पंधरा दिवसांत भावाला दणकून भूक लागू लागली. ताप गेला, चेहरा भरला. “दादा, हे औषध पह्यलेच भेटलं असतं तं!” असं तो म्हणायचा. माय त्याची दृष्ट काढायची. आम्ही दोन ओळखीच्या घरांना त्या जीपचा पत्ता दिला. ते आठवलं की आजही झोप येत नाही.

पौषात त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आधी त्याचा चेहरा पाहिला. गोल, सुजलेला. रक्तातली साखर वाढलेली, पूर्वी कधी नव्हती. त्यांनी पुडी मागितली. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉईड दळून घातलेलं असतं, असं त्यांनी समजावलं. त्यानं भूक लागते, ताप उतरतो, माणूस टवटवीत दिसतो. पण शरीराची जंतूंशी लढायची ताकद त्यानंच कमी होते, आणि आत टीबी पसरत जातो. ते त्यांनी एकदम बंद केलं नाही, मोजून कमी करत नेलं. एकदम तोडलं तर जीवावर बेतू शकतं.

सीबीनॅट म्हणजे टीबीचा जंतू आणि तो औषधाला दाद देतो का हे शोधणाऱ्या तपासणीत जंतू आला, पण रिफाम्पिसिनला न दाद देणारा निघाला नाही. अर्धवट औषध सोडूनही आम्ही तेवढ्यावर सुटलो. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून.

पुतण्या मात्र सुटला नाही. चार वर्षांचा, बापाजवळच झोपणारा. त्याच्या मानेला गाठी आल्या, सुईनं पाणी काढून तपासलं, टीबीच. खोकल्यातून उडणारे बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. वारा आणि ऊन हीच त्यावरची घरगुती तोड, आणि आम्ही रोज तिन्हीसांजेला खिडक्या लावत होतो. योग्य गोळ्या चालू असत्या तर भावाचा खोकला दुसऱ्याला लागण करण्याइतका उरलाच नसता. लेकराला आता पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, वजनाप्रमाणे. मायला, वहिनीला आणि मला प्रतिबंधक गोळ्या.

तो इंग्रजी कागद नंतर माझ्या भाचीनं वाचला, ती यवतमाळला बीएस्सी करते. कागद खोटा नव्हता. प्रयोग पू करणाऱ्या जंतूंवर होता, टीबीचं त्यात नावही नव्हतं, आणि एकाही माणसाला औषध दिलेलं नव्हतं. ताटलीत तर फिनाईलनंही जंतू मरतात, म्हणून आपण ते पितो का? झाडपाल्याशी माझं वैर नाही. आमच्या बांधावर अडुळसा आहे, आणि खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्झिन अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलेलं आहे. पण ताटलीपासून माणसापर्यंतची वाट बरीच लांब असते. त्या माणसानं आम्हाला ती वाट चालून झाली असं भासवलं.

टीबी बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. औषधाची अशी जाहिरात करणारा फलक, भोंगा, पत्रक दिसलं तर फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. आमच्याकडे बिल नव्हतं, नुसती चिठ्ठी होती, तीही आम्ही सांभाळली नाही. तुमच्या घरात अशी पुडी चालू असेल तर ती फेकू नका आणि मनानं बंदही करू नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा.

ज्या दोन घरांना आम्ही पत्ता दिला होता, त्यांच्याकडे मी आशाताईंना घेऊन गेलो. एक जण तपासून आला. दुसऱ्या घरची म्हातारी बेडका द्यायला तयार नाही, पुडीनं भूक लागते म्हणते. मंगळवारी भावाला घेऊन पुन्हा जाणार आहे.