माळरानावर उभा केलेला मॅलेझ सापळा

स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रेने मॅलेझ यांनी १९३०च्या दशकात योजलेल्या तंबूवजा सापळ्याची एक प्रत मी मागवली आणि यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाबाहेरच्या माळरानावर, पळसाच्या झुडपांलगत, परोपजीवी गांधीलमाश्यांच्या नोंदीसाठी उभी केली. मधल्या जाळीला अडलेला कीटक उजेडाच्या ओढीने वर चढत अल्कोहोलच्या बाटलीत पडतो, ही रचना येथे नेमकी साधली आहे. पहिल्याच आठवड्यात शेपटीसारखी लांब अंडनलिका (अंडी घालण्याची नळी) असलेल्या इक्न्यूमोनिड, म्हणजे परोपजीवी गांधीलमाश्यांच्या एका कुळातील, माद्या हाती लागल्या. शिवण मात्र कच्ची निघाली, आणि विक्रेत्याने तक्रारीला उत्तर दिले नाही. (ताणाच्या दोऱ्या बकऱ्यांनी चावल्या, हा दोष त्याचा नव्हे.) जमिनीलगत वावरणाऱ्या, मिलिमीटरभराच्या बारीक जातींसाठी साबणपाण्याच्या पिवळ्या ताटल्या (पिवळ्या रंगाकडे ओढले जाणारे कीटक त्यांत पडतात) सोबत ठेवाव्याच लागतात.