तलंगा म्हणून विकलेल्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या

गावरान कोंबड्यांच्या नावाखाली टेम्पोतून गावोगाव जो व्यवहार चालतो, त्याचा फटका गेल्या मार्गशीर्षात आमच्या घराला बसला. पाटण तालुक्याच्या डोंगराळ भागात परसात मोकळ्या फिरणाऱ्या दहा-पंधरा कोंबड्या बहुतेक घरी असतात आणि त्यांचा हिशेब घरच्या बाईकडेच असतो. आमच्याकडे तो सासूबाईंनी माझ्या हाती दिला आहे. आमच्याकडची बरीच माणसे फसवणूक झाली तरी चारचौघांत हसे नको म्हणून गप्प बसतात, आणि अशा विक्रेत्यांचे त्यामुळेच फावते. म्हणून जे घडले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

परसातील कोंबडी खाणाऱ्या घराचे जेवण पंचांगावर चालते. मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावण, गणपती आणि नवरात्र सोडून जे दिवस उरतात, त्यांतला सर्वांत मोठा आखाड. त्या महिन्यात मरीआईचा कोंबडा असतो आणि लेकी-जावईही जेवायला येतात. गावरान कोंबडा दीड किलोच्या आसपास भरायला पाच-सहा महिने घेतो, म्हणजे आषाढात कापायचा कोंबडा पौष-माघातच रवणीतून, म्हणजे कोंबडीखाली उबवलेल्या अंड्यांतून, निघालेला असावा लागतो. मुंगसाने आमच्या बऱ्याच कोंबड्या नेल्यामुळे रवणीला बसवण्यासाठी तलंगा, म्हणजे नुकत्याच अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या, आणि आखाडासाठी महिन्याभराची पिल्ले विकत घेणे भाग होते. नेमक्या त्याच सुमारास मोबाइलवर एक जाहिरात फिरू लागली. ‘अंड्यावर आलेल्या अस्सल गावरान तलंगा, लसीकरण केलेली पिल्ले, घरपोच’ असा तिचा मजकूर होता, आणि सोबतच्या चित्रफितीत शेणाने सारवलेल्या अंगणात माती उकरणाऱ्या देखण्या कोंबड्या दिसत होत्या.

विक्रेत्याने निम्मी रक्कम आधी मोबाइलवरून मागवून घेतली आणि टेम्पो मुद्दाम दिवस मावळल्यावर आणला. तलंगेमागे साडेपाचशे रुपये हा आमच्याकडच्या बाजाराला धरून असलेला भाव होता, त्यामुळे स्वस्ताईचा संशय येण्याचेही कारण नव्हते. चोची बोथट का, असे सासूबाईंनी कंदिलाच्या उजेडात विचारले, तेव्हा पिल्लेपणी एकमेकींना टोचू नयेत म्हणून घासल्या आहेत, असे उत्तर त्याने तयारच ठेवले होते. उत्तर खोटे नव्हते. फक्त चोची अशा कापतात त्या व्यापारी पोल्ट्रीत, परसात कोणी कापत नाही, एवढे त्याने सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर खरा प्रकार दिसू लागला. त्या कोंबड्यांच्या मानेवरची आणि छातीवरची पिसे जाळीला घासून झडलेली होती, तुरे फिकट पडून एका बाजूला लोंबत होते आणि नखे इतकी वाढलेली होती की चालताना पाय अडखळत होते. मातीवर चालणाऱ्या कोंबडीची नखे आपोआप झिजतात. तारेच्या पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या कोंबडीची झिजत नाहीत. दाणे टाकले तरी त्या उकरत नव्हत्या, आणि सांजवेळी खुराड्याकडे वळण्याऐवजी जागच्या जागी बसून राहत होत्या. सासूबाईंनी एकीला काखेत धरून छातीच्या हाडाचे मागचे टोक अंगठ्याने दाबून पाहिले. तलंगेचे ते टोक कूर्चेचे असल्यामुळे लवते. हिचे दगडासारखे टणक होते. अंडी उत्पादनाच्या पोल्ट्रीत साधारण दीड वर्षाच्या झाल्यावर ज्या तपकिरी लेअर कोंबड्या अंडी घटली म्हणून काढून टाकतात आणि किलोवर मातीमोल भावाने विकतात, त्याच आम्हांला तलंगा म्हणून दिल्या होत्या. या जातींतला खुडूक होण्याचा, म्हणजे अंडी उबवायला बसण्याचा, गुण निवडीने जवळपास नाहीसा केलेला असतो, तेव्हा त्यांतली एखादी रवणीला बसण्याची आशाही उरली नाही.

त्यांतली एक कापली. मांडीचे हाड कोयत्याखाली भुगा होऊन पसरले, कारण पिंजऱ्यात हालचाल नसते आणि अंड्यांच्या कवचासाठी हाडांतले चुन्याचे सत्त्व सतत खर्ची पडते. पोटात पिवळ्या चरबीचा गोळा निघाला. मीठ-हळद घालून शिजवलेले अळणी पाणी आमच्याकडे आधी मुलांना देतात. त्यावर चरबीचा तवंग होता, पण गावरान कोंबडीची चव मुळीच नव्हती, आणि कुकरच्या कितीतरी शिट्ट्या होऊनही मांस चामट ते चामटच राहिले.

हे नुकसान पैशांपुरते होते; पिल्लांनी केलेले नुकसान त्याहून मोठे ठरले. लसीकरणाचा पुरावा म्हणून विक्रेत्याने मानमोडीवरच्या लासोटा लसीची रिकामी कुपी आणि छापील दाखला दिला होता. दाखल्यावर लस दिल्याची तारीख नव्हती, लसीचा बॅच क्रमांक नव्हता, पशुवैद्यकाची सही नव्हती. रिकामी कुपी तर कोठूनही उचलून आणता येते. पिल्ले जुन्या कोंबड्यांतच सोडा, म्हणजे लवकर रुळतील, असेही तो वर सांगून गेला होता. काही दिवसांतच पिल्ले हिरवी हगवण करू लागली, पंख लोंबू लागले आणि माना पिळवटू लागल्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी लक्षणे पाहून मानमोडी म्हणजे राणीखेत रोग असल्याचे आणि त्यावर औषध नसल्याचे सांगितले. मुंगसापासून वाचलेल्या आमच्या जुन्या कोंबड्याही त्याच साथीत गेल्या.

याआधी २०१९ साली इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात हजारो शेतकरी अडकले, ते अंडी-कोंबड्या परत विकत घेण्याच्या हमीला भुलून. येथे तसली हमी नसते आणि रक्कमही लहान असते, त्यामुळे तक्रार करण्यापर्यंत कोणी जात नाही. पण भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीला रक्कम लहान म्हणून सोडत नाही. आगाऊ पैसे मोबाइलवरून घेऊन माल दिलाच नाही, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. जाहिरात, संभाषण आणि पैसे पाठवल्याची नोंद पुसून टाकू नये.

कोंबड्या दिवसाउजेडी, त्या राहतात त्या जागी जाऊन पाहाव्यात. तिकडे येऊ न देणाऱ्याशी व्यवहारच करू नये. पिल्ले हवी असल्यास पुण्यात खडकीला आणि कोल्हापूरला पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणूक केंद्रे आहेत. पिल्ले कोठूनही आणलेली असोत, निदान तीन आठवडे ती वेगळ्या डालग्यात, वेगळ्या पाण्यावर ठेवावीत, आणि आधी जुन्या कोंबड्यांना दाणे घालून मगच नव्या पिल्लांकडे जावे.

आम्ही पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला असून त्याची पोच घेतली आहे. विक्रेत्याचा क्रमांक आता बंद लागतो. मात्र तीच चित्रफीत दुसऱ्या क्रमांकासह पुन्हा फिरते आहे. तिच्यात डाव्या कोपऱ्यात निळे पिंप आणि त्यावर बसलेला पांढऱ्या शेपटीचा कोंबडा दिसतो.