वढवाणा तलावावरची पाणपक्षी सहल : दुर्बीण उत्तम, गर्दी नको तेवढी

डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव 1910 साली बडोदा संस्थानाने सिंचनासाठी बांधला आणि 2021 मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. वडोदऱ्याहून तेथे जाणाऱ्या एका खासगी पक्षिनिरीक्षण सहलीत आम्ही दोघे जानेवारीत सहभागी झालो होतो. पहाटे निघाल्यामुळे ऊन चढण्यापूर्वी बांधावर पोहोचलो, हे आयोजकांचे पहिले शहाणपण.

मार्गदर्शकाची खरी कसोटी चिखलातल्या पक्ष्यांवर लागते, कारण शेकाट्या त्याच्या लांब गुलाबी पायांवरून कोणीही ओळखेल, पण गॉडविट या लांब चोचीच्या पाणपक्ष्याच्या थव्याकडे पाहून चटकन नाव सांगणे धोक्याचे असते. आमच्या मार्गदर्शकाने घाई केली नाही. थवा उडेपर्यंत त्यांनी तिवईवरची दुर्बीण तशीच रोखून ठेवायला लावली आणि पंखांवरचा ठळक पांढरा पट्टा व काळी शेपटी दिसताच हा काळ्या शेपटीचा गॉडविट, पट्टेरी शेपटीच्या जातीत असा पट्टा नसतो, असे समजावून दिले. त्यानंतर वर वळलेल्या चोचीने पाणी डावी-उजवीकडे चाळणारा एकच उचाट्या दिसला. माझ्यासाठी तो पहिलाच.

तक्रार मात्र आहे. सोळा जणांत मोठी दुर्बीण एकच असल्याने रांगेत उभे राहण्यातच वेळ गेला, आणि माझी पाळी आली तेव्हा उचाट्या बेशरमीच्या झुडपांमागे गेला होता. न्याहारीचे पोहे (शेव भरपूर, लिंबू नाही) ठीक होते.